टॅकेटचा खांदा

“आणि त्याच्या खांद्याचं काय, वेंडेल?” गॉर्डी स्टॅनफिलने विचारलं. विचारताना त्याने वेंडेलकडे पाहिलंसुद्धा नाही. तो भिंतीवरच्या मोठ्या पाटीसमोर उभा होता. एक हात पँटच्या खिशात, दुसऱ्या हाताचं बोट ड्वेन टॅकेटच्या नावाच्या पट्टीवर, आणि आवाज असा की चहात साखर एक चमचा घालू की दोन एवढंच विचारायचं असावं. वेंडेल क्राउसच्या हातात हॅम भरलेला अर्धा खाल्लेला पाव होता, तो त्याने बशीत ठेवला. त्याला आधी राग आला नाही. आधी वाटलं, गॉर्डी विसरला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, सकाळपासून उभा, विसरला असेल बिचारा. मग गॉर्डीने मान वळवून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्या डोळ्यांत विसरल्याची खूण कुठेच नव्हती. खोलीत पंखा फिरत होता. जूनची दुपार लुइव्हिलवर नुसती बसून होती, खिडकीबाहेर ओहायो नदी चहाच्या रंगाची, हलते की नाही कळू नये अशी. टेबलाच्या मध्यभागी टेलिफोनचा तो चौकोनी डबा होता. त्यातून एकेका संघाचा आवाज यायचा, एकेका पोराचं नाव घ्यायचा आणि गप्प व्हायचा. वर्षातून एकदा देशभरातल्या बेसबॉल खेळणाऱ्या पोरांची अशी वाटणी होते. ज्याची पाळी त्याने नाव घ्यायचं, घेतलेलं नाव पुन्हा दुसऱ्याला घेता येत नाही. त्यांच्या संघाची पाळी आता दोन नावांनंतर होती. टेबलाच्या टोकाला संघाचे मालक हॅवरकॅम्प बसले होते, आणि ‘खांदा’ हा शब्द ऐकून त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला होता.

टॅकेटच्या खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. हे या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक वेंडेल. दुसरा गॉर्डी.

वेंडेल स्काउट होता, म्हणजे पारखी. केंटकीचे डोंगर, इंडियानाचा दक्षिण भाग आणि ओहायोची काठावरची गावं, एवढा मुलूख त्याचा. गाडीत झोपायचं, शाळांच्या मैदानांवर उन्हात बसायचं, आणि हजार पोरांमधून एक असा शोधायचा की जो पुढे व्यावसायिक संघात टिकेल. हा धंदा वरून दिसतो तसा डोळ्यांचा नाही, तोंडावर काही दिसू न देण्याचा आहे. होम प्लेटच्या, म्हणजे फटका मारणाऱ्याच्या जागेच्या, मागे जाळीपाशी सगळ्या संघांचे स्काउट ओळीने बसतात, एकमेकांना शेंगदाणे देतात, बायकामुलांची चौकशी करतात, आणि सगळे एकमेकांच्या नजरा चोरून बघत असतात. आवडलेलं पोर खेळायला आलं की जांभई द्यायची. नावडतं आलं की पुढे सरकून बसायचं. फारच आवडलं तर तिकडे जायचंच नाही, जाऊन काही लपत नाही. नव्याने लग्न झालेल्या पोरीने सासूसमोर नवऱ्याकडे बघू नये, तसं ते काम. वेंडेलला ते छान जमायचं. तीस वर्षं त्याने याच कामावर घर चालवलं होतं, आणि लोरेटा, त्याची बायको, म्हणायची, “तुझ्या चेहऱ्यावरून तर मला लग्नातसुद्धा कळलं नव्हतं की तू खूश आहेस का नाही.”

फेब्रुवारीत गॉर्डीच्या परसात, लोखंडी कढईत मटणाचा रस्सा उकळत असताना, वेंडेलने टॅकेटचं नाव पहिल्यांदा घेतलं. पाइक काउंटीतला खाणीच्या वस्तीवरचा पोर, डावखुरा, अठरा वर्षांचा. चेंडू हातातून सुटतो तो दिसतच नाही, एकदम झेलणाऱ्याच्या हातमोज्यात आवाज होतो. वेंडेल बोलत गेला. संघात डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उरला नाही, दोघांपैकी एकाची कंबर गेली आणि दुसरा पैशासाठी पश्चिमेला गेला. पहिल्या बेसवरचा गुडघ्याने अधू. खालच्या संघांमधून वर येण्यासारखं कोणी नाही, आहेत ते नुसते हट्टेकट्टे आणि डोळ्यांनी मंद. अशा संघाला हा एक पोर दहा वर्षं पुरेल. गॉर्डी कढई ढवळत होता. तो स्काउटांचा मुख्य होता, शेवटचा शब्द त्याचा. म्हणाला, “मग आता तू तिकडे फिरकू नकोस.” वेंडेल म्हणाला, ते तर मला कळतं. गॉर्डीने डावातला रस्सा चाखला, मीठ घातलं, आणि अगदी सहज म्हणाला, “नुसतं न जाणं पुरणार नाही. तू दिसला नाहीस की हॉलिस बीचमला लगेच वास येईल. खांदा दुखतोय म्हणून सांग. लांबचा पोर आहे, कोण डोंगर चढून खात्री करतोय? दुसऱ्या संघांनी सोडला की आपला.” वेंडेल हसला. गॉर्डीही हसला. ते हसणं आता, या पंख्याखाली, वेंडेलला पुन्हा ऐकू येत होतं आणि त्यातला गॉर्डीचा भाग कुठे संपत होता आणि आपला कुठे सुरू होत होता हे काही केल्या त्याला वेगळं करता येत नव्हतं.

खोटं सांगितलं ते ईस्टरआधीच्या उपासाच्या एका शुक्रवारी, चर्चच्या तळघरात, तळलेल्या माशांच्या जेवणाला. हॉलिस बीचम दुसऱ्या संघाचा स्काउट, आणि बाप्टिस्ट, त्याला उपासतापास काही नाही, पण मासे फुकटाच्या भावात मिळतात म्हणून तो दरवर्षी यायचा. “काय रे वेंडेल, तुझा तो डोंगरातला सोन्याचा गोळा कुठाय?” त्याने विचारलं. वेंडेलने मासा पुढे ओढला. काटा काढत बसला. खोटं पटायला हवं असेल तर ते आपल्याकडून ओढून काढलं जातंय असं समोरच्याला वाटायला हवं. मग म्हणाला, “जाऊ दे ना. वाईट वाटतं.” हॉलिस पुढे झुकला. “खांदा?” वेंडेलने नुसता आपला डावा खांदा दाबला, मागच्या बाजूने, जिथे त्याचा स्वतःचा खांदा पंचविसाव्या वर्षी फाटला होता. दुखणं कसं असतं ते त्याला पाठ होतं. कुठून काही आणावं लागलं नाही. हॉलिसच्या तोंडावर खरीखुरी हळहळ उमटली. “अरेरे. त्याच्या आईला माहीतंय का?” वेंडेल म्हणाला, “कुठलं.” ईस्टरच्या आधी कबुलीजबाबाला गेला तेव्हा पाद्र्याला हे सांगावं की नाही याचा त्याने विचार केला होता. आणि ठरवलं होतं की हे पाप नव्हे, हा धंदा आहे. तेव्हा ते किती साधं वाटलं होतं.

“वेंडेल,” हॅवरकॅम्प म्हणाले, “आम्ही थांबलोय.”

“खांदा ठीक आहे,” वेंडेल म्हणाला.

“मी दहा ठिकाणी उलटं ऐकलंय,” गॉर्डी म्हणाला. किती मऊ आवाज. “सगळ्यांच्या तोंडी आहे. तू त्याला शेवटचा टाकताना कधी पाहिलास?”

आणि इथे वेंडेलला कळलं की हा प्रश्न नाही, हा फास आहे. कारण जानेवारीनंतर तो गेलाच नव्हता. ज्याच्या सांगण्यावरून गेला नव्हता तोच विचारत होता. सगळ्या वसंत ऋतूत त्याने टुकार पोरांच्या टुकार खेळांवर उन्हं काढली, अंगावर येईल एवढा कंटाळा काढला, आणि मनात मात्र एकच मैदान ठेवलं, डोंगराच्या कुशीतलं, तिसऱ्या बेसमागे कोळशाची गाडी जाणारं. प्रेमात पडलेल्या माणसाने ज्या गल्लीत जायचं नाही त्याच गल्लीचा विचार करावा तसा. “जानेवारीत,” तो म्हणाला. टेबलाभोवती बसलेल्या दुसऱ्या स्काउटांनी माना खाली घातल्या. बशीतली काकडीची सँडविच एकदम सगळ्यांना बघण्यासारखी वाटायला लागली. तिकडे पाटीवर, टॅकेटच्या नावाशेजारी, कॅलिफोर्नियातल्या एका शॉर्टस्टॉपचं, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूचं, नाव होतं, सोनेरी केसांचा, वर्तमानपत्रात फोटो येणारा, हॅवरकॅम्पांच्या मुलीने टीव्हीवर पाहिलेला. वेंडेलला सगळं लख्ख दिसलं. मालकांना तो हवाय. गॉर्डीला मालकांना हो म्हणायचंय. नुसतं हो म्हटलं तर होयबा दिसेल, म्हणून एक कारण हवंय. आणि कारण हाताशी होतं.

“गॉर्डी,” तो म्हणाला, आणि आपला आवाज त्याला परक्यासारखा वाटला, “खांद्याची गोष्ट आपण उठवली. तू आणि मी. तुझ्या परसात.”

पंखा फिरत राहिला. गॉर्डी पाटीपासून दूर झाला, चालत आला, आणि त्याने वेंडेलच्या पाठीवर हात ठेवला. “म्हाताऱ्या,” तो म्हणाला, “तुझा जीव आहे त्या पोरावर, मला कळत नाही का? पण मी असलं काही सांगेन?” आणि खोलीतल्या सगळ्यांनी वेंडेलकडे अशा नजरेने पाहिलं, जसं आपल्या नापास झालेल्या मुलासाठी हेडमास्तरांशी भांडणाऱ्या बापाकडे बघतात. कोणी त्याला खोटारडा मानलं नाही. खोटारडा मानलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी त्याची कीव केली. पाठीवरचा हात अजून होता, ऊबदार, जड. त्या हाताची ओळख त्याच्या पाठीला तीस वर्षांहून जुनी होती. डबा खरखरला. त्यांची पाळी आली. गॉर्डीने त्याच्या पाठीवरचा हात न काढता, डब्याकडे वाकून, शॉर्टस्टॉपचं नाव स्पष्ट उच्चारात सांगितलं. हॅवरकॅम्पांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दुपार पुढे गेली, म्हणजे नावं पुढे गेली. डबा बोलत होता आणि वेंडेल ऐकत होता. दुसऱ्या फेरीत कोणीतरी टॅकेटला घेईल म्हणून तो मनात देवाला विनवत होता, आणि आपण आपला माणूस दुसऱ्याच्या घरात जावा म्हणून विनवतोय याचं त्याला हसू येत होतं. कोणी घेतलं नाही. हॉलिसच्या संघाची पाळी आली आणि त्यांनी टेक्सासचा एक जाडा कॅचर, म्हणजे झेलणारा, घेतला. घेणार कसे? हॉलिस भला माणूस, त्याने ऐकलेलं नीट आपल्या घरी नेऊन पोचवलं असणार. आपल्याच हाताने पेरलेलं इतकं चांगलं उगवेल असं वेंडेलला वाटलं नव्हतं. पाटीवर टॅकेटची पट्टी एकेक घर खाली सरकत होती, गॉर्डी दर वेळी ती बोटाच्या टोकाने सरकवायचा, आणि त्याची ती बोटं बघता बघता वेंडेलला कॅरोलायनातला तो उन्हाळा आठवला. खालच्या दर्जाचा संघ, रात्रंदिवस बसचा प्रवास, केरोसीनचा वास, आणि प्लेटच्या मागे उकिडवा बसलेला बावीस वर्षांचा गॉर्डी, मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवणारा. एक बोट म्हणजे सरळ चेंडू, दोन म्हणजे वळणारा. वेंडेलने त्या बोटांना कधी मान हलवून नाही म्हटलं नाही. दुसरे पिचर म्हणायचे. त्याला गरजच वाटली नव्हती, इतकं ते दोघं एक होते. मग जुलैत त्याचा खांदा गेला. मॅनेजरला कळायच्या आधी, डॉक्टरला कळायच्या आधी, गॉर्डीला कळलं, हातमोज्यातल्या आवाजावरून. “कोणाला सांगणार नाही मी,” तो बसमध्ये अंधारात म्हणाला होता, “मी तुला वळणारे जास्त टाकायला सांगतो, निभावून नेऊ.” आणि निभावून नेलं, ऑगस्ट संपेपर्यंत, जोवर हात वर उचलून केस विंचरता येईना तोवर. तीस वर्षं वेंडेलने ही गोष्ट मैत्रीची म्हणून सांगितली होती. लग्नात सांगितली, बारशांना सांगितली, पोरं मोठी झाली तेव्हा त्यांना सांगितली. गॉर्डीने माझ्यासाठी तोंड शिवून घेतलं, असं. आज पहिल्यांदा त्याला आठवलं की त्या सप्टेंबरात गॉर्डीला वरच्या संघात बोलावणं आलं होतं. मोडक्या पिचरकडूनही सामने जिंकून घेणारा कॅचर म्हणून. मोडक्या पिचरला मात्र घरी पाठवलं. ही माहिती त्याला नवी नव्हती. ती सगळी वर्षं त्याच्याजवळच होती, नुसती दुसऱ्या कपाटात ठेवलेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे असावं. कापतानाही लागत नाही, आणि आपण वर कृतज्ञ असतो. मग त्याला वाटलं, असंही असेल की तेव्हा ते खरंच मैत्रीचं होतं आणि आज आपण ते खराब करतोय. आणि हे कळायला आता काही मार्ग नाही, ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लागली.

चहाच्या सुट्टीत त्याने गॉर्डीला बाहेर गाठलं. व्हरांड्यात जुन्या संघांचे फोटो लावलेले होते. “का?” एवढंच तो म्हणाला. गॉर्डी सिगारेट पेटवत होता. “हॅवरकॅम्पला तो शॉर्टस्टॉप हवा होता. मी काय त्याच्या हाताला धरणार होतो? पुढच्या वर्षी माझा करार संपतोय, वेंडेल. तुझाही संपतोय, आणि तो कोण वाढवून देणार? मीच ना?” वेंडेल म्हणाला, “ते खोटं होतं, गॉर्डी.” गॉर्डीने धूर सोडला. “इतक्या संघांनी त्याला सोडलं. त्यांना कोणाला खोटं वाटलं नाही, मग मलाच एकट्याला का वाटावं?” आणि मग, समजूत घालावी तसं, “शेवटी शेवटी घेऊन टाकू की त्याला. विसाव्या फेरीत. चार पैशांत. तुला तो हवाच होता ना? मिळेल तुला तुझा पोर. तोंड काय पाडतोस?” वेंडेलला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात उचलला गेला नाही. तो उजवा हात होता, धडधाकट. तरी उचलला गेला नाही. गॉर्डी आत गेला. जाताना त्याने दार वेंडेलसाठी धरून ठेवलं होतं.

तो आत गेला नाही. व्हरांड्याच्या टोकाला तिकीटवाल्यांची रिकामी खोली होती, तिथे टेलिफोन होता. ड्वेनच्या आईचा, ओपल टॅकेटचा, नंबर त्याला पाठ होता. जानेवारीत तो त्यांच्याकडे गेला होता तेव्हा तिने घेवड्याची डाळीसारखी आमटी आणि मक्याची भाकरी केली होती, तव्यावरचे बटाटे, वर कच्चा कांदा. तिचा नवरा शेजारच्या खोलीत खोकत होता, खाणीने त्याची छाती खाल्ली होती, आणि ती बाई दर खोकल्याला बोलणं थांबवायची आणि खोकला संपला की तिथूनच पुढे बोलायची. ड्वेनला लेक्सिंग्टनच्या कॉलेजने जागा देऊ केली होती. ती घ्यावी का, एवढंच तिला विचारायचं होतं. नाही घेतली आणि तुम्हीही त्याला नाही घेतलं, ती म्हणाली होती, तर मिस्टर क्राउस, इथे दुसरं काय आहे ते तुम्हाला ऐकू येतंयच. वेंडेलने तिला शब्द दिला. पहिल्या फेरीत. हेही सांगितलं की आता मी दिसणार नाही, काळजी करू नका, मी दिसलो नाही म्हणजे सगळं बरं चाललंय असं समजा. ती हसली होती. “आमच्यात मुलगी मागायला येणारा असाच लपायचा,” म्हणाली होती, आणि भाकरीचा आणखी एक तुकडा त्याच्या ताटात टाकला होता. तिने कॉलेजला नकार कळवला तो त्याच आठवड्यात. मी इतका वेळ माझ्याच जखमेला फुंकर घालत बसलो, त्याला वाटलं, आणि तिकडे ती बाई सकाळपासून फोनशी बसली असेल.

पहिल्याच घंटेला तिने उचलला. “मिस्टर क्राउस?”

“हो, मी.”

“रेडिओवर आत्ता तुमच्या संघाने घेतलेलं नाव सांगितलं. दुसऱ्याच कोणाचं तरी.” ती रागावलेली नव्हती. ते ऐकायची त्याने तयारी केली होती, रागाची. “खांद्यामुळेच ना?”

“मिसेस टॅकेट—”

“तुम्ही सांगायला नको होतं का मला? मी आई आहे त्याची. एप्रिलपासून जो येतो तो विचारतो, खांदा कसाय, खांदा कसाय. मी म्हणायची, काही झालं नाही हो त्याला. लोक माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मी लपवतेय. मग मला वाटलं, पोरानेच माझ्यापासून लपवलं असेल. बापाची अवस्था बघून म्हणाला असेल, आईला कशाला आणखी. मी त्याला बोलले हो, फार बोलले. खोटारडा म्हणाले.” ती थांबली. पलीकडे तो खोकला सुरू झाला, संपला. “आता त्याने कबूल केलंय.”

“काय कबूल केलंय?” वेंडेल म्हणाला.

“की दुखतोय.”

वेंडेल खुर्चीवर बसला. दुपारभर त्याच्या मनात एक वाक्य तयार होत आलं होतं, गॉर्डीचं नाव त्यात पहिलं होतं, आणि ते वाक्य खरं होतं, अक्षर न् अक्षर खरं. परसात काय झालं, कोणी काय म्हटलं, कोणी कोणाला तोंडघशी पाडलं. “त्याच्या खांद्याला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “कधीच झालं नव्हतं. ती थाप होती. दुसऱ्यांनी त्याला घेऊ नये म्हणून मारलेली.”



“कोणी मारली?” ओपलने विचारलं.

गॉर्डीचं नाव तोंडाशी आलं होतं. पण त्या जेवणाला गॉर्डी नव्हता, आपला खांदा दाबून गॉर्डीने दाखवला नव्हता, आणि या बाईच्या हातची भाकरीही गॉर्डीने खाल्ली नव्हती.

“मी,” तो म्हणाला.

तिने शिवी दिली नाही, रडलीही नाही. रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला, पण फोन बंद झाला नाही. मग लांबून तिचा आवाज आला, दारात उभं राहून अंगणात मारलेली हाक. “ड्वेन! ए ड्वेन, इकडे ये रे राजा! तुला काही झालेलं नाही! तो माणूसच सांगतोय, काही नाही झालेलं तुझ्या खांद्याला!”

पायऱ्यांवर पावलं वाजली. पोराचा आवाज त्याने जानेवारीनंतर ऐकला नव्हता. तो तेव्हापेक्षा म्हातारा वाटला.

“त्यांना काय माहीत, आई?” तो म्हणाला. “दुखतोय ना.”